बेसमेंट फिनिश करताय? आधी फर्नेसच्या हवेचा हिशोब करा

अमेरिकेत घर घेतलं की दोन-चार वर्षांत बेसमेंट फिनिश करायचा विषय निघतोच. आई-बाबा येऊन राहणार म्हणून खाली एक बेडरूम, एक बाथरूम, मुलांसाठी मोठा हॉल, टीव्ही, आणि कोपऱ्यात जो फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची मशीन, आणि वॉटर हीटर उभा आहे तो दिसायला नको म्हणून त्याच्याभोवती भिंती घालून दार लावून टाकायचं. या शेवटच्या कामाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही आणि नेमका धोका तिथेच आहे, कारण आत्तापर्यंत ती मशीन अख्ख्या बेसमेंटची हवा घेत होती आणि आता तिला एका कपाटाएवढ्या खोलीत कोंडलंय, आणि भिंतीच्या पलीकडे तुमचे आई-बाबा झोपणार आहेत.

हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि चिमणीतून वर जायला पाहिजे तो धूर उलटा खोलीत येतो. या वायूला ना वास ना रंग. म्हणून ड्रायवॉल लागायच्या आधी कागद-पेन घेऊन हा हिशोब करायचाच. गणित सातवीतल्या मुलाला जमेल असं आहे, कुठला आकडा कुठे लावायचा तेवढं कळलं पाहिजे.

खालचे आकडे नॅशनल फ्युएल गॅस कोड म्हणजे एनएफपीए ५४ आणि इंटरनॅशनल फ्युएल गॅस कोड यांतले आहेत, दोन्हीकडे पद्धत जवळपास एकच आहे. तुमच्या टाउनशिपने किंवा राज्याने काही बदल केलेले असू शकतात ते बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारून घ्या. कॅनडात बी१४९ कोड चालतो, तिथे हे आकडे लावू नका.

आधी मशीन कुठल्या जातीची आहे ते बघा

फर्नेसमधून दोन पांढरे पीव्हीसी पाइप निघून थेट घराबाहेर जात असतील, एक हवा आत घ्यायला आणि एक धूर सोडायला, तर तो डायरेक्ट व्हेंट आहे. त्याला खोलीची हवा लागतच नाही, त्याचे पाइप कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे टाकायचे आणि या हिशोबातून तो वगळायचा. पण एकच पीव्हीसी पाइप बाहेर जातोय आणि हवेचा पाइप खोलीतच उघडा ठेवलाय, असं बऱ्याच घरांत असतं, तर नाइंटी प्लसवाला, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेचा, असला तरी तो खोलीची हवा खातो आणि तो हिशोबात धरायचा.

पत्र्याचा गोल पाइप चिमणीत जात असेल तर साधा एटी पर्सेंटवाला फर्नेस समजा. त्यात धूर ढकलायला छोटा पंखा असतो त्याला फॅन असिस्टेड म्हणतात. आणि नेहमीचा टाकीवाला वॉटर हीटर, ज्याच्या डोक्यावर पत्र्याची टोपी आणि तिच्याखाली चहूबाजूंनी मोकळी फट असते, ती टोपी म्हणजे ड्राफ्ट हूड. पंखा नाही काही नाही, गरम हवा हलकी होऊन वर जाते एवढ्यावरच सगळा कारभार. हवेचा गोंधळ झाला की सगळ्यात आधी तोच उलटा श्वास टाकतो.

नेमप्लेटवरचा इनपुट आकडा लिहून घ्या

फर्नेसचं पुढचं झाकण काढलं की आत स्टिकर असतो, वॉटर हीटरचा बाहेरच चिकटवलेला असतो. त्यावर इनपुट आणि आउटपुट असे दोन आकडे सापडतील, आपल्याला इनपुट पाहिजे, म्हणजे तासाला किती बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) गॅस जळतो ते. आपण या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. फर्नेस १,००,००० बीटीयू, वॉटर हीटर ४०,००० बीटीयू, दोन्ही मिळून १,४०,०००. त्याच जागेत गॅसचा ड्रायर असेल तर त्याचाही आकडा मिळवा, आणि तो तर शिवाय घरातली हवा बाहेर फेकतो, तो विषय पुढे येईलच.

२१ हा आकडा लक्षात ठेवा

नॅचरल गॅसच्या एका घनफुटात साधारण १,००० बीटीयू असतात आणि तो जाळायला साधारण १० घनफूट हवा लागते. पण प्रत्यक्षात बर्नरला थोडी जास्तीची हवा द्यावी लागते, शिवाय ड्राफ्ट हूडच्या फटीतून धुराबरोबर खोलीची हवाही चिमणीत ओढली जाते, ती धरून कोड म्हणतो की दर १,००० बीटीयूमागे तासाला २१ घनफूट हवा. फॅन असिस्टेडला ती फट नसते म्हणून तिथे १५.

कोडमधला सगळ्यात प्रसिद्ध नियम म्हणजे दर १,००० बीटीयूला ५० घनफूट खोली पाहिजे. बऱ्याच लोकांना हा ५० पाठ असतो पण तो कुठून आला ते माहीत नसतं. जुन्या पद्धतीच्या घरात फटीफटीतून हवा येत-जात असते, तासाला घरातली साधारण ०.४२ भाग हवा बदलते असं धरलं तर ५० गुणिले ०.४२ बरोबर २१. म्हणजे ५० घनफुटांची खोली ही प्रत्यक्षात तासाला २१ घनफूट ताजी हवा मिळवून द्यायची सोय आहे. आणि म्हणूनच घर एकदम घट्ट असेल तर हा ५० चालत नाही.

खोलीचं आकारमान काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, फुटांत. आपल्या उदाहरणाचं बेसमेंट ४० बाय २८, उंची ८, म्हणजे ८,९६० घनफूट. लागतात १४० गुणिले ५० म्हणजे ७,०००. मोकळं बेसमेंट असताना सगळं आरामात बसत होतं, म्हणूनच बिल्डरने काही वेगळी ओपनिंग दिलेली नव्हती.

आता फिनिश केल्यावर काय होतं ते बघा. युटिलिटी रूम १० बाय ९ बाय ८, म्हणजे ७२० घनफूट. हॉल २६ बाय २४, ड्रॉप सीलिंगमुळे उंची साडेसात, म्हणजे ४,६८०. बेडरूम आणि बाथरूमला दारं आहेत, ती दारं बंद होऊ शकतात म्हणून त्या खोल्या धरायच्या नाहीत. दार न लावता कायम उघडी असलेली जागाच एक खोली म्हणून मोजता येते. ड्रॉप सीलिंगच्या वरची पोकळी मी तरी धरत नाही.

म्हणजे युटिलिटी रूम एकटी ७२०, पाहिजेत ७,०००. दहा टक्के. हा आकडा बघितल्यावर तरी ते दार घट्ट लावायचा विचार सोडून द्यावा.

घरातल्याच हवेवर भागवायचं असेल तर

युटिलिटी रूम आणि शेजारची जागा यांच्यामध्ये दोन कायमची ओपनिंग द्यायची, एक छतापासून १२ इंचांच्या आत सुरू होणारं आणि एक जमिनीपासून १२ इंचांच्या आत. खालून हवा आत येते, वरून गरम हवा बाहेर जाते आणि खोलीत फिरती राहते. प्रत्येक ओपनिंगचा फ्री एरिया, म्हणजे हवा जायला प्रत्यक्ष मोकळी असलेली जागा, दर १,००० बीटीयूला १ चौरस इंच, आणि काहीही झालं तरी प्रत्येकी १०० चौरस इंचांपेक्षा कमी नाही. ओपनिंगची कुठलीही बाजू ३ इंचांपेक्षा लहान नको.

आपल्याला १,४०,००० आहेत म्हणून प्रत्येकी १४० चौरस इंच. फक्त ४०,०००चा वॉटर हीटर कपाटात असता तर गणिताने ४० आले असते, पण तरी १०० द्यावेच लागले असते, हे लोक हमखास विसरतात.

दाराखाली फट ठेवलीय की, असं बरेच कॉन्ट्रॅक्टर सांगतात. ३० इंची दाराखाली पाऊण इंच फट म्हणजे साडेबावीस चौरस इंच. कुठे १४० आणि कुठे २२, आणि ३ इंचांचा नियम पण मोडला. ती फट हिशोबात शून्य.

आता हे दोन ग्रिल लावून युटिलिटी रूम हॉलला जोडली तरी दोन्ही मिळून ५,४०० होतात, ७,००० नाहीत. ग्रिल लावले म्हणजे काम झालं असं होत नाही, जोडलेल्या जागेचं आकारमान पण पुरलं पाहिजे.

वरच्या मजल्याची जागा जोडायचा मार्ग आहे. वेगळ्या मजल्यावरची जागा जोडताना दारात किंवा फ्लोअरमध्ये एकूण दर १,००० बीटीयूला २ चौरस इंच फ्री एरिया लागतो, म्हणजे आपल्याला २८०. जिन्याच्या दारात ग्रिल बसवला की वरचा मजला मिळून ७,००० सहज पार होतात. पण टीव्हीचा आवाज वर येतो, दिसायलाही बरं दिसत नाही, म्हणून फार लोक हा मार्ग घेत नाहीत.

ग्रिलचं माप आणि फ्री एरिया एक नाही

दुकानातून १२ बाय १२चा ग्रिल आणला म्हणजे १४४ चौरस इंच मिळाले असं नाही. पट्ट्या जागा खातात. ग्रिलच्या खोक्यावर फ्री एरिया दिलेला असेल तर तो घ्या, दिलेला नसेल तर कोड सांगतो की धातूच्या लूव्हरला, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या जाळीला, ७५ टक्के धरा आणि लाकडाच्या लूव्हरला फक्त २५ टक्के.

१४० भागिले ०.७५ म्हणजे १८७. तर १२ बाय १६चा धातूचा ग्रिल घेतला, १९२चे ७५ टक्के १४४, पास. हेच लाकडी लूव्हरचं केलं तर ५६० चौरस इंच लागतात, म्हणजे २४ बाय २४ सुद्धा जेमतेम पुरतो. म्हणून लाकडी लूव्हर पाहिजेच असतील तर सरळ वरपासून खालपर्यंत लूव्हर असलेलं दारच लावा. २८ बाय ७४ इंचांचा लूव्हरचा भाग धरला तर २,०७२ चौरस इंच, २५ टक्क्यांनी ५१८, वरच्या अर्ध्यात २५९ खालच्या अर्ध्यात २५९, दोन्हीकडे १४०च्या वर. मला स्वतःला हाच उपाय सगळ्यात आवडतो, कारण दार सगळ्यांना दिसतं, पण भिंतीतल्या खालच्या ग्रिलसमोर दोन वर्षांनी कुणीतरी सोफा नाहीतर तांदळाच्या पिशव्या ठेवतंच.

जाळी लावायची असेल तर तिची भोकं पाव इंचापेक्षा बारीक नकोत. डासांची जाळी अजिबात नको, धुळीने महिन्या-दोन महिन्यांत बुजते.

बाहेरून हवा आणायची असेल तर

बाहेरची हवा भरपूर आहे म्हणून इथे ओपनिंग खूप लहान चालतं. दोन ओपनिंगच्या पद्धतीत भिंतीतून थेट किंवा उभ्या डक्टने आणलं तर प्रत्येकी दर ४,००० बीटीयूला १ चौरस इंच, म्हणजे आपल्याला ३५. आडव्या डक्टने आणलं तर दर २,०००ला १, म्हणजे प्रत्येकी ७०. गोल डक्टमध्ये ९ इंची म्हणजे ६३.६, कमी पडतो, १० इंची घ्यावा लागतो. आणि एकच डक्ट आणून त्यालाच वरचं आणि खालचं अशी दोन तोंडं काढलेली चालत नाहीत, दोघांना वेगळे डक्ट.

बेसमेंटमध्ये खालचं ओपनिंग जमिनीच्या खाली येतं म्हणून ही पद्धत तिथे अवघडच. त्यापेक्षा एका ओपनिंगची पद्धत सोपी. छतापासून १२ इंचांच्या आत एकच ओपनिंग, दर ३,००० बीटीयूला १ चौरस इंच, म्हणजे ४६.७. यात दोन अटी आहेत. एक, मशीनच्या बाजूंना आणि मागे किमान १ इंच आणि पुढे ६ इंच मोकळी जागा पाहिजे. दुसरी, ओपनिंग हे त्या खोलीतल्या सगळ्या व्हेंट पाइपांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेपेक्षा लहान नको. फर्नेसचा ५ इंची पाइप म्हणजे १९.६, वॉटर हीटरचा ४ इंची म्हणजे १२.६, बेरीज ३२.२, आपले ४६.७ जास्त आहेत म्हणून ठीक.

८ इंची गोल डक्टचे ५०.३ होतात, तो रिम जॉइस्टमधून, म्हणजे बेसमेंटच्या भिंतीवर बसलेल्या फ्लोअरच्या कडेच्या लाकडातून, बाहेर काढायचा. पण बाहेरच्या टोपीला लूव्हर असेल तर तिचे ७५ टक्के धरून टोपी मोठी घ्यावी लागते, डक्ट पुरेसा आणि टोपी अपुरी ही चूक इन्स्पेक्टर पहिल्यांदा पकडतो. टोपीचं तोंड जमिनीपासून किमान १२ इंच वर, बर्फाच्या भागात त्याहून बरंच वर ठेवा, आणि ड्रायरच्या व्हेंटजवळ नको नाहीतर लिंटने जाळी भरते. डक्ट पत्र्याचा घ्या. हवा अॅटिकमधून घेत असाल तर अॅटिक व्हेंटेड पाहिजे आणि तिथल्या तोंडाला जाळी लावायची नाही.

थंडीत या ओपनिंगमधून गार हवा येणारच, आणि ती बघून लोक त्यात इन्सुलेशन नाहीतर जुने टॉवेल कोंबतात. कृपा करून हे करू नका. पाण्याचे पाइप त्या तोंडासमोरून हलवा, डक्टला इन्सुलेशन गुंडाळा, युटिलिटी रूमच्या भिंती आणि दार इन्सुलेट करा. बंद-चालू होणारा मोटरचा लूव्हर लावता येतो, पण तो पूर्ण उघडल्याशिवाय बर्नर पेटणारच नाही असं वायरिंग असलं पाहिजे. हाताने बंद करायचा डँपर चालत नाही.

थोडी घरातली, थोडी बाहेरची

आपल्या उदाहरणाला हीच पद्धत बरोबर बसते. हॉल जोडून ५,४०० मिळाले, लागतात ७,०००. ५,४०० भागिले ७,००० म्हणजे ०.७७. उरलेले ०.२३ बाहेरून आणायचे. एका ओपनिंगचं पूर्ण माप ४६.७, त्याला ०.२३ ने गुणलं की १०.७ चौरस इंच. ४ इंची गोल डक्ट १२.६चा आहे, पुरतो, मी ५ इंची टाकेन कारण टोपी आणि जाळी थोडं खाणार. म्हणजे लूव्हरचं दार, आणि वर एक ५ इंची डक्ट बाहेर, काम झालं. एवढ्याशा कामासाठी लोक जीव धोक्यात घालतात याचं वाईट वाटतं.

पंख्याने हवा आत ढकलायचीही सोय कोडमध्ये आहे, दर १,००० बीटीयूला मिनिटाला ०.३५ घनफूट. ०.३५ गुणिले ६० करा, परत २१ येतात. आपल्याला ४९ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४९ घनफूट. पंखा बंद पडला तर मशीन चालू होता कामा नये असं इंटरलॉक पाहिजे.

घर नवीन आणि घट्ट असेल तर

घराची हवा तासाला ०.४० पेक्षा कमी वेळा बदलते हे माहीत असेल तर ५० चा नियम वापरायला कोडच मनाई करतो. २०१२च्या एनर्जी कोडपासून थंड भागातल्या नवीन घरांना ब्लोअर डोअर टेस्टमध्ये, म्हणजे दारात पंखा लावून घराची गळती मोजतात त्यात, ५० पास्कल दाबाला तासाला ३ एअर चेंजेसची मर्यादा आली. त्याला ढोबळमानाने २० ने भागलं तर पंख्याशिवाय, नेहमीच्या स्थितीत तासाला ०.१५ वेळा हवा बदलते असं येतं.

आता वॉटर हीटरला २१ भागिले ०.१५ म्हणजे १४० घनफूट दर हजारी, गुणिले ४०, झाले ५,६००. फर्नेस फॅन असिस्टेड, १५ भागिले ०.१५ म्हणजे १००, गुणिले १००, झाले १०,०००. एकूण १५,६०० घनफूट. हे २,००० स्क्वेअर फुटांचं अख्खं घर झालं. म्हणून अशा घरात घरातल्या हवेवर भागवायच्या भानगडीत न पडता बाहेरची हवा आणा, नाहीतर दोन्ही मशीन डायरेक्ट व्हेंट करून टाका. खिडक्या बदलल्या, अॅटिकमध्ये फोम मारला, की जुनं घरही या गटात सरकतं.

फोडणीचा हूड

आपल्याकडे फोडणीचा खकाणा बाहेर जावा म्हणून जोरदार हूड लावतात, ६०० सीएफएम, कधी त्याच्याही वर. ती हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि घर घट्ट असलं की ती वॉटर हीटरच्या चिमणीतून खाली येते, धूर घेऊन. ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला रेसिडेन्शियल कोड मेकअप एअर, म्हणजे बाहेर गेलेल्या हवेच्या जागी आत आणायची हवा, मागतो तो याच्यासाठी. ड्रायर साधारण १५० ते २०० सीएफएम बाहेर फेकतो, बाथरूमचे पंखे वेगळे. वरच्या हिशोबात यातलं काहीही धरलेलं नाही, त्याची हवा वेगळी द्यायची. तसंच युटिलिटी रूममध्ये रिटर्न डक्टला (घरातली हवा फर्नेसकडे परत आणणारा डक्ट) फटी असतील तर फर्नेसचा ब्लोअर त्याच खोलीची हवा ओढतो, त्या फटी मॅस्टिकने, म्हणजे डक्टला लावायच्या लेपाने, बंद करा.

शेवटी उदबत्तीने टेस्ट करा

गॅसचा वास येत असेल तर काहीही पेटवायचं नाही, बाहेर पडून गॅस कंपनीला फोन करायचा. वास नसेल तर सगळ्या खिडक्या-दारं बंद, फायरप्लेसचा डँपर बंद, हूड फुल्ल, ड्रायर चालू, बाथरूमचे पंखे चालू, युटिलिटी रूमचं दार बंद. मग गरम पाणी सोडून वॉटर हीटर पेटू द्या, पाच मिनिटं थांबा आणि पेटलेली उदबत्ती ड्राफ्ट हूडच्या फटीजवळ चहूबाजूंनी फिरवा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो बाहेर ढकलला जात असेल तर सगळं बंद करा, खिडक्या उघडा आणि एचव्हीएसीवाल्याला, म्हणजे फर्नेस-एसीच्या मेकॅनिकला, बोलवा, तोपर्यंत वॉटर हीटर वापरायचा नाही.

टाकीच्या डोक्यावर गरम-गार पाण्याच्या पाइपांभोवती लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या नीट बघा. ओळखीच्या एका घरी फिनिश केलेल्या बेसमेंटमध्ये त्या वितळून मेणासारख्या पसरल्या होत्या, ड्राफ्ट हूडखाली गंज आणि टाकीवर काळसर पट्टा, आणि घरच्यांना वाटत होतं की हिवाळ्यात सगळ्यांची डोकी सायनसमुळे दुखतात. तिथे दार काढून लूव्हरचं लावलं आणि बाहेरून डक्ट आणला.

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर पाहिजेच, आई-बाबांच्या खोलीबाहेरही. पण त्याच्या भरवशावर हिशोब टाळू नका, नेहमीचा अलार्म हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) असताना एक ते चार तासांनी वाजायला बनवलेला असतो. त्याहून कमी प्रमाण रोज रात्री असेल तर तो गप्पच राहू शकतो.

भारतात बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरून गेल्याच्या बातम्या पुण्या-मुंबईकडे दर हिवाळ्यात वाचतो, त्याच्या मागेही हीच गोष्ट आहे, बंद छोटी खोली, धुराला बाहेर वाट नाही आणि हवेला आत. तो गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावायला घरच्यांना आवर्जून सांगा.

आणि पुढेमागे फर्नेस बदलून डायरेक्ट व्हेंट केलात तर वॉटर हीटर त्या मोठ्या चिमणीत एकटा उरतो, त्याच्या एकट्याच्या उष्णतेने ती तापत नाही आणि धूर नीट चढत नाही. त्या वेळी चिमणीला लायनर, म्हणजे आतून घालायची लहान नळी, लागेल का ते विचारा आणि हा सगळा हिशोब नव्या आकड्यांनी परत करा. आत्ताचा कागद युटिलिटी रूमच्या भिंतीवर चिकटवून ठेवा, त्यावर दोन्ही मशीनचे बीटीयू, खोलीचं आकारमान, ग्रिलचा फ्री एरिया आणि तारीख. परमिटच्या इन्स्पेक्शनला येणारा माणूस पण हेच चार आकडे विचारतो.